फॉस्फेट शून्यावर आणू नका

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळं पाळताना पाण्यातलं फॉस्फेट शून्यावर आणलं की ती खुलतात, असं म्हटलं जातं. त्यात मोठा धोका आहे. प्रवाळाचं सोबती सूक्ष्म शैवाल त्याच्या पेशींतच राहतं आणि कार्बन, मुख्यतः ग्लुकोज या साखरेच्या रूपात, यजमान प्रवाळाला देतं. हे देणं टिकतं ते नायट्रोजनच्या टंचाईमुळे: शैवालाची वाढ अडली की कार्बन उरतो. नायट्रोजन पुरवणारं नायट्रेट भरपूर झालं की तोच कार्बन शैवाल स्वतःच्या वाढीत घालतं. त्यात फॉस्फेटही नसेल, तर शैवालाच्या पेशीपटलांत फॉस्फोलिपिडांच्या (फॉस्फरस असलेल्या मेदांच्या) जागी सल्फोलिपिडं (गंधक असलेले मेद) येतात आणि प्रकाश किंवा तापमान जरा वाढताच प्रवाळ पांढरं पडतं. टाकीत नायट्रेट ५ पीपीएम (दहा लाख भागांत ५ भाग) असेल, तर फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राहू द्या. फॉस्फेट शोषणारे दाणे एकदम ओतू नका. थोडे घालून दर २ दिवसांनी मोजा.