रोटॅक्स ९१२ यूएलएस: उंची वाढली की इंधनदाब घसरतो

दोनपंखी: दोन आसनी विमान, इंजिन कार्ब्युरेटरवालं रोटॅक्स ९१२ यूएलएस. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली भिंत) इंधनदाबाचा तीन तारांचा सेन्सर आहे, ०–१५ पीएसआय (दाबाचं एकक), ०.५ ते ४.५ व्होल्टचा. धावपट्टी जवळपास समुद्रसपाटीला. जमिनीवर ४.६ पीएसआय, ५००० फुटांवर २.१ आणि लाल दिवा. उतरताना आकडा परत चढतो. इंजिन कुठेच अडखळत नाही. फिल्टर नवा टाकला, फरक शून्य. लँडिंग लाइट लावला की आकडा ०.३ने उडतो, तो वेगळाच. पंप बदलावा का?

गॅसकेट: पंपाला हात लावण्याआधी आकडा खरा आहे असं धरूनच चाला. किमान मर्यादा ०.१५ बार, म्हणजे २.२ पीएसआय. सेन्सरच्या जागी टी-जोड लावून ०–१ बारचं यांत्रिक गेज जोडा आणि जमिनीवरच पूर्ण पॉवरला बघा. रिटर्न लाइनमधला (जादा इंधन टाकीत परत नेणारी नळी) ०.३५ मिमी भोकाचा जेट जागेवर आहे ना? तो निघून पडला असेल तर जास्तीचं इंधन टाकीत परत जातं.

मिलीव्होल्ट: गेज जरूर लावा, पण जमिनीवर ते पंप आणि सेन्सर दोघांनाही निर्दोष ठरवेल, कारण दोष जमिनीवर दिसतच नाही. घसरण २.५ पीएसआय आहे. ५००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास तेवढाच कमी असतो. हा योगायोग वाटत नाही. सेन्सरने इंधनाची तुलना बाहेरच्या हवेशी करायला हवी. तुमचा बहुतेक आत कोंडलेल्या हवेशी करतोय. एक तर तो सीलबंद जातीचा आहे (लेबलवर पीएसआयजी, म्हणजे बाहेरच्या हवेशी तुलना करणारा, आहे की पीएसआयएस, म्हणजे सीलबंद, बघा), नाहीतर कनेक्टरजवळचं बारीक श्वासछिद्र कोणीतरी सिलिकॉन फासून बुजवलंय. पाणी जाऊ नये म्हणून लोक हमखास हे करतात.

खात्री करायला इलेक्ट्रिक पंप चालू ठेवून, धावपट्टीच्या आवाक्यात राहून चढा आणि दर १००० फुटांना आकडा लिहा. दर हजाराला साधारण अर्धा पीएसआय, सरळ रेषेत, थ्रॉटल कमीजास्त केलं तरी घट तेवढीच: सेन्सर. घट पॉवरबरोबर किंवा काउलिंगखालच्या (इंजिनावरच्या झाकणाखालच्या) उष्णतेबरोबर बदलली तर इंधनवाफ, सक्शनकडची गळती किंवा पंप. मग उडणं बंद.

दोनपंखी: लेबल पीएसआयजी. कनेक्टरभोवती खरंच सिलिकॉन आहे. आणि लाइटचं काय?

मिलीव्होल्ट: ते अर्थिंग. सेन्सरची काळी तार इंजिनला किंवा फायरवॉलला जोडलेली असणार. लाइटचा करंट त्याच वाटेने परतला की तिथे काही मिलीव्होल्ट पडतात. तुमच्या सेन्सरवर १ पीएसआय म्हणजे २६७ मिलीव्होल्ट, म्हणून ०.३ला ८० पुरतात. तार थेट डिस्प्लेच्या सेन्सर-ग्राउंड पिनला न्या. मग इंजिन बंद, लाइन उघडी ठेवून सिग्नल तारेवर ०.५ व्होल्ट मिळतात का बघा.

गॅसकेट: श्वासछिद्राचा मुद्दा मान्य, माझ्या लक्षात आला नव्हता. पण सिलिकॉन टाचणीने खरवडू नका, आतला पडदा फाटेल. सेन्सरच बदला. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको. तिचा तुकडा सुटला तर दाबाच्या फिटिंगचं बारीक भोक बुजवतो. इंधनाला चालणारं सीलंट लावा, पहिला आटा कोरडा ठेवून. जोडल्यावर इलेक्ट्रिक पंप ५ मिनिटं चालवून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा, इंजिन त्यानंतरच.