दृष्टिकोन ‘निवडतात’ का?

पाटीपेन्सिल (इंदूर): इथल्या एका वाचनालयात मुलांच्या सुट्टीतल्या शिबिराचा फलक रंगवायला द्यायचाय. हिंदी ओळ ठरली आहे, ‘नजरिया चुनो, आगे बढ़ो’. तिच्याखाली मराठीत ‘दृष्टीकोण निवडा, विकास करा’ असं लिहून आलंय. खटकतंय, पण नेमकं कुठे?

कानामात्रा: आधी शुद्धलेखन. ‘कोण’ हिंदीत ठीक, मराठीत तो प्रश्न विचारतो. आपला भूमितीतला तो ‘कोन’. आणि ‘ष्टि’ ऱ्हस्व. एकटी ‘दृष्टी’ दीर्घ, समासात आधी आली की ऱ्हस्व: बुद्धी पण बुद्धिबळ, शक्ती पण शक्तिपीठ. म्हणून ‘दृष्टिकोन’. ‘माझ्या दृष्टीने’ मात्र दीर्घच, तिथे समास नाही.

मांडवी (बडोदे): खटकतंय ते क्रियापद. दृष्टिकोन असतो, ठेवतात, बदलतो. निवडतात तांदूळ, नाहीतर मेथी. ‘चुनो’चं सरळ ‘निवडा’ केलंय. मराठीत इथे तीन शब्द आहेत आणि प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. भूमिका ‘घेतात’, म्हणजे ती हातातली, आत्ता घेता येते. वृत्ती अंगी ‘बाणते’, तिला महिने लागतात. दृष्टी ‘येते’, तिच्यावर हुकूम चालत नाही. मुलांना ‘वृत्ती बदला’ म्हणणं म्हणूनच फुकट जातं; आज करता येण्याजोगं त्यात काही नाही. (आमच्याकडे गुजरातीत यालाच ‘अभिगम’ म्हणतात. बडोद्याच्या मराठीतही तो डोकावतो, पण फलकावर नको.)

पाटीपेन्सिल: मग भूमिका घ्यायची म्हणजे मुलाने करायचं काय?

कानामात्रा: एक अक्षर शोधायचं, ‘च’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा असा: घटना थेट दुःख देत नाही, मध्ये आपली धारणा असते. मराठीत ही धारणा बरेचदा ‘च’मध्ये दडते. ‘मला पहिला नंबर मिळायलाच हवा.’ हे वाक्य कागदावर लिहायचं, ‘च’भोवती गोल करायचा, आणि खाली नवं वाक्य: ‘पहिला नंबर मिळाला तर मला आवडेल, नाही मिळाला तर वाईट वाटेल, पण शिकणं थांबणार नाही.’ त्याच्याही खाली आजचं एक काम, उदाहरणार्थ अपूर्णांकांची पाच गणितं. कागद लागतोच, कारण रागात मनातल्या मनात केलं की ‘च’ गुपचूप परत येतो. हमखास होणारी दुसरी चूक: मुलं उलट टोकाला जातात. ‘मला नंबर नकोच!’ इथे ‘च’ तसाच, फक्त बाजू बदलली. ‘सगळं छानच आहे’ हेही त्यातलंच. त्याला सकारात्मक म्हणायची पद्धत आहे, मी म्हणणार नाही.

खलबत्ता (ग्वाल्हेर): याला जुना शब्द आहे. योगसूत्रांत ‘वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्’ (२.३३): नको ते विचार त्रास देऊ लागले की विरुद्ध बाजूचं भावन करा. ‘भावन’ म्हणजे नुसतं वाटणं नव्हे. संस्कृत ‘भू’ (होणे) या धातूचं प्रयोजक रूप ते, म्हणजे ‘व्हायला लावणं’. वैद्य अजून ‘भावना देणे’ म्हणतात. आवळ्याचं चूर्ण घ्यायचं, ते भिजेल इतकाच आवळ्याचा रस घालायचा, खलात सुकेपर्यंत घोटायचं. मग पुन्हा रस. अशा सात भावना, काही औषधांत एकवीस. ओलं असतानाच पुढचा रस ओतला की बुरशी धरते. कानामात्रांच्या कागदालाही हेच लागू: एका दिवसात दहा वाक्यं नकोत. एकच वाक्य, सात दिवस.

मांडवी: ‘बाणणे’ म्हणतात ते हेच. आणि ‘विकास करा’ काढा हो! रस्त्याच्या कामाचा फलक वाटतो.

पाटीपेन्सिल: रंगाऱ्याला थांबवलंय. ‘“च” सोडा, पुढे चला’ असं टाकलं तर?

कानामात्रा: चालेल. फक्त तो ‘च’ वेगळ्या रंगात काढायला सांगा, नाहीतर लोक ‘चहा सोडा’ वाचतील.