मदत हवी आहे : ख्मूंची कुळं, आपलं देवक आणि नवी सून

उत्तर लाओसमधल्या ख्मू लोकांवर एक टिपण लिहितेय आणि एका ठिकाणी अडलेय. त्यांची कुळं प्राणी, पक्षी, वनस्पती यांच्या नावांची. आपल्या कुळाचा प्राणी मारायचा नाही, खायचा नाही. इथवर आपलं देवकच आठवतं. लग्नही मामाच्या मुलीशी पसंत! पण तिथे मुलगी देणारं घर मानाने वरचं. आपल्याकडे वरपक्षाचा तोरा विचारूच नका.

घरात पूर्वजांचे आत्मे, त्यांच्या भाषेत 'रोय'. त्यांना कोंबडी, डुक्कर, मोठ्या प्रसंगी रेडा देतात, मनगटाला दोरा बांधतात, घड्यातली तांदळाची दारू नळ्यांनी एकत्र पितात. म्हणजे नातं रक्ताइतकंच विधीनेही ठरतं. मग सासरच्या पूर्वजांनी सुनेला आपलं मानलं, हे नेमकं कशावरून धरायचं? इथेच गाडी अडलीय.

ख्मू भाषा मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या भाषेची दूरची नातलग, म्हणून विचारते: कोरकूंकडे सून कुळात कशी घेतात? कुठल्या विधीनंतर तिला घरच्या पूजेत हात लावता येतो? मेळघाटात राहिलेलं कुणी आहे का इथे? ऐकीव नको, डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. कोरकू मंडळींनी स्वतः लिहिलं तर फारच बरं.