सायकलला हेल्मेटसक्ती? आधी ट्रॅक दाखवा

पेडलमारू: काल इथे एकाने लिहिलं, पुण्यात सायकलवाल्यांनाही हेल्मेटसक्ती करा, ट्रॅकबिकवर पैसे घालवू नका. गप्प बसणार होतो, पण नाही राहवलं. अहो, सायकलचं हेल्मेट युरोपियन मानकात (ईएन १०७८) तपासतात ते ताशी २० किमीच्या आसपास आपटून. स्वतः घसरून पडलो तर डोकं वाचेल, मान्य. मागून पीएमपीची बस आली तर? नेदरलँड्समध्ये रोजचे सायकलवाले हेल्मेट घालतच नाहीत फारसे, तिथे १९७०च्या दशकात पोरं गाड्यांखाली मरायला लागली तशी माणसं रस्त्यावर उतरली, मग ट्रॅक झाले. आपल्या महापालिकेने २०१७ला सायकल आराखडा मंजूर केला, तो कुठल्या कपाटात आहे?

नानापेठकर: काल लिहिणारा तो मीच. आहेत त्या ट्रॅकवर तरी जाता का? सातारा रोडला बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनबरोबर, केलेच होते की. तुम्ही मात्र रविवारी पहाटे टाईट कपडे घालून चौघं शेजारी शेजारी, गप्पा हाणत.

पेडलमारू: या एकदा ट्रॅकवर. तोंडाशीच लोखंडी खांब, हँडल तिरकं करून सायकल घालायची, पुढे पेव्हर ब्लॉक उखडलेले, मग विजेचा डीपी, मग वडापावची गाडी, गिऱ्हाईकांच्या अ‍ॅक्टिव्हा ट्रॅकवरच आडव्या. आणि ट्रॅक संपतो तिथे थेट पायरी!

कॅज्युअल्टीवाली: ट्रॅक होतील तेव्हा होतील हो, डोकी आज फुटतायत. टाके आम्ही घालतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात १९९०ला सक्ती झाल्यावर डोक्याला मार लागणं कमी झालं.

पेडलमारू: सायकल चालवणारी पोरंही कमी झाली तिथे. तेही सांगा ना मॅडम.

काका_सदाशिव: हेल्मेट हे थोतांडच. २०१९ला दुचाकीच्या हेल्मेटसक्तीला आम्ही विरोध केला तो उगाच नाही. शहरात गाडी पळते किती, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, केस गेले ते वेगळेच.

कॅज्युअल्टीवाली: काका, सायकलचं चाललंय. दुचाकीला मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आहे, तो कायदा आहे, तुमची आवड नाही.

काका_सदाशिव: कायदा आम्हाला शिकवू नका. खड्डे बुजवा आधी.

नानापेठकर: काका, पगडी घालून गाडी चालवा मग! माझा भाचा सिग्नलला उभा असताना मागून टेम्पोने उडवला, हेल्मेट होतं म्हणून आज जेवतोय.

काका_सदाशिव: भाच्यावरून भावनिक करू नका. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, खरचटलं नाही.

कॅज्युअल्टीवाली: ज्यांना लागलं ते इथे टाईप करत नाहीत काका.

हडपसरी: झालं का तुमचं? सायकलवर कोण असतं बघितलंय का कधी? आमच्या सोसायटीचा वॉचमन रात्रपाळी करून सहाला निघतो, कॅरिअरला डबा, मागे लाइट नाही. त्याला हजाराचं हेल्मेट घ्यायला लावणार, नाही घेतलं की पावती फाडणार? मामा लोक पहिल्यांदा त्यालाच अडवतील.

नानापेठकर: बरं बाबा, वॉचमनला सक्ती नको. लाखाच्या सायकलवाल्यांना करा, त्यांना परवडतं.

पेडलमारू: माझी सेकंडहँड आहे हो. आणि हेल्मेट मी घालतो, सक्तीचं बोलतोय.

काका_सदाशिव: केसांचं कोणीच उत्तर दिलं नाही.