ब्लॉगचं रूप बदलताना : तुमचे अनुभव लिहा

येत्या पाडव्याला माझ्या ब्लॉगला १५ वर्षं होतील. महिनाभर रोज रात्री त्याची डागडुजी चाललीय. सुरुवात हेडरच्या रंगापासून केली आणि अडकले ती अक्षरांत. नवं टेम्प्लेट, म्हणजे ब्लॉगच्या रूपाचा तयार साचा, इंग्रजीसाठी बेतलेलं; शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलेलं. 'आजीचा पाटा' हे पान उघडलं तर शिरोरेषा जागोजागी तुटलेली! ते अंतर शून्य केलं तेव्हा कुठे शब्द सांधले. मग ओळींमधली जागा. आपल्या लिपीत वर रफार-वेलांट्या, खाली उकार. दीडपट जागा कमी पडत होती, पावणेदोनपट केल्यावर ओळी मोकळ्या झाल्या. तुम्ही काय बदललंत, काय राखलंत? सविस्तर लिहा.

*

माझा पाककृतींचा ब्लॉग, गूगलच्या 'ब्लॉगर' या सेवेवर. शीर्षक देवनागरीत दिलं की लेखाचा पत्ता नुसता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा. त्यावरून काय कळणार? म्हणून जुने लेख ड्राफ्टमध्ये (अप्रकाशित मसुद्यांत) नेऊन पत्ते सुधारायला घेतले. तिसऱ्याच दिवशी मैत्रिणीच्या सुनेचा फोन, "काकू, मोदकांचं पान उघडत नाहीये." तिने जुना दुवा जपून ठेवला होता. मग सेटिंगमध्ये जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवायची सोय सापडली, ती वापरली. पत्ते बदलणार असाल तर हे आधी करा.

सगळ्यात उपयोगी पडली ती मात्र अनुक्रमणिका. आधी 'उसळी', 'गोड पदार्थ' अशी लेबलं होती. पण घरात वाल भिजलेले असतात तेव्हा बाई 'वाल' शोधते. आता यादी जिन्नसांवरून लावलीय.

*

ताई, अक्षरांचा विषय काढलात म्हणून सांगतो. माझ्या पानांवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसायचे. आपला ल पाकळीचा, श देठाचा. मराठी वर्णमालेबद्दलच्या महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातही तीच रूपं आहेत. फाँट बदलून थकलो. शेवटी कळलं की पानाच्या कोडमध्ये भाषा 'हिंदी' लिहिलेली होती. तिथे मराठीचा संकेत 'एमआर' घातला. ज्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, तो मग आपलं रूप दाखवतो. 'शाळा' शब्द नीट उमटलेला पाहून फार बरं वाटलं.

*

एवढंच सांगते, पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं ठेवू नका. आईला मोतीबिंदू आहे, तिला माझे लेख वाचता येईनात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचं किमान प्रमाण ४.५ला १ मानतात. ते मोजून देणारी साधनं फुकट मिळतात.

*

मी टेम्प्लेटची फाइल उतरवून घेतली आणि वाटलं, बॅकअप झाला. तसं नसतं. त्या फाइलीत फक्त रूप असतं. लेख आणि प्रतिक्रिया वेगळ्या उतरवाव्या लागतात. त्यातून माझ्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया एका बाहेरच्या विजेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या जोडलेल्या चौकटीत होत्या. साइडबार हलका करताना विजेट काढलं, खातंही बंद केलं आणि १० वर्षांचं बोलणं गेलं. पानं झपकन उघडायला लागली, पण प्रत्येक लेखाखाली '० प्रतिक्रिया'.

नशिबानं प्रत्येक प्रतिक्रियेची सूचना ईमेलवर यायची. त्या शोधून काढल्या, चाळीसेक सापडल्या. लेखांच्या तळाशी, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, तारखेसकट हातानं उतरवल्या. एका मित्राची परवानगी घेता आली नाही, तो आता नाही. त्याच्या मुलीला विचारलं. ओढ्याच्या फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, "हा आमच्या मळ्यामागचाच. पलीकडच्या उंबराखाली आपण डबे खाल्लेत." ते वाक्य आता फोटोला लागूनच ठेवलंय, लेखाच्याच अक्षरात.