गावच्या शाळेला बंदूकधारी पहारेकरी ठेवावा का?

कपाशी_यवतमाळ यांचा प्रश्न:

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक-सदस्य आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि सहावीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीत बारा बोर बंदुकीचे जिवंत काडतूस सापडले. लाल नळकांडीचे, पितळी बुडाचे ते काडतूस तो मधल्या सुट्टीत सोबत्यांना दाखवत होता. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्याच्या आजोबांनी परवान्याची बंदूक घेतलेली आहे आणि काडतुसे देवघराशेजारच्या कोनाड्यात उघडीच पडलेली असतात, असे चौकशीत समजले. मुख्याध्यापकांनी काडतूस ताब्यात घेऊन पोलीस पाटलांना बोलावले. कोणालाही इजा झाली नाही.

त्यानंतर मात्र गावाच्या मोबाइलवर अमेरिकेतील शाळांत झालेल्या गोळीबारांचे व्हिडिओ फिरू लागले आणि ग्रामसभेत मागण्यांचा पाऊस पडला. शाळेभोवती उंच भिंत बांधा, कॅमेरे लावा, एखाद्या माजी सैनिकाला बंदुकीसह फाटकावर बसवा, त्या पोराचा दाखला काढून त्याच्या हाती द्या, असे एकापाठोपाठ एक लोक बोलत होते. पैसा थोडा आहे आणि समितीला लेखी मत द्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की यातले काय खरोखर उपयोगाचे आहे.

निवृत्त_गुरुजी_आर्वी यांचे उत्तर:

भाऊ, आधी त्या मुलाविषयी लिहितो, कारण भीतीच्या भरात गावे पहिला घाव अशाच पोरावर घालतात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ग्रामसभेने ठराव घेतला तरी तो टिकणार नाही, आणि आईबापांवर दबाव आणून त्यांच्याकडूनच दाखल्याचा अर्ज लिहून घेणे ही पळवाट झाली.

आता पहारेकऱ्याकडे वळू. आपल्या देशात शाळेत गोळी चालल्याच्या ज्या घटना गाजल्या, त्या आठवून पाहा. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीच्या मुलाला त्याच्याच शाळासोबत्यांनी मारले. पिस्तूल त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांचे होते. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातील यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या, त्याही वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरने. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतल्या पोराने दप्तरातून बंदूक आणली आणि तिसरीतल्या मुलाच्या हाताला गोळी लागली. गणवेश घातलेले, दप्तर लटकवलेले हे पोर फाटकावरच्या जवानाला रामराम घालून आत गेले असते. बंदूक जिथून निघाली ती जागा भिंतीच्या पलीकडे, कोणाच्या तरी कपाटात होती.

डिसेंबर २०२४ मधील मध्य प्रदेशातील छतरपूरची घटना तेवढी निराळी आहे, कारण तिथे बारावीच्या मुलाने प्राचार्यांना मारले ते देशी कट्ट्याने. विदर्भाची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला लागून असल्याने कट्ट्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. तो बंदोबस्त मात्र पोलिसांनी करायचा आहे; शाळेच्या समितीने त्यासाठी भिंत बांधून काही साधणार नाही.

वरुडची_लेक यांचे उत्तर:

मी मूळची वरुडची. लग्नानंतर टेक्सासमध्ये राहते आणि माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी शाळेत शिकतात, म्हणून दादांच्या प्रश्नाला इथून उत्तर देते.

२४ मे २०२२ रोजी याच राज्यातील उवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत अठरा वर्षांच्या तरुणाने १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या. त्याने रायफली रीतसर दुकानातून विकत घेतल्या होत्या. शाळांचे स्वतःचे सशस्त्र पोलीस होते, निरनिराळ्या दलांचे मिळून जवळजवळ चारशे जण त्या दिवशी तिथे पोहोचले, आणि तरीही वर्गात शिरून त्याला संपवायला ७७ मिनिटे लागली. तोवर आईबाप बाहेर आक्रोश करत होते आणि पोलीस त्यांनाच अडवत होते. फ्लोरिडातील पार्कलँडला फेब्रुवारी २०१८ मध्ये १७ जण गेले, तेव्हाही शाळेचा बंदूकधारी अधिकारी इमारतीबाहेरच थांबला होता. त्यामुळे बंदुकीसह माणूस बसवला की निश्चिंत झालो, या समजुतीवर माझा तरी विश्वास उरलेला नाही.

लोकांच्या प्रतिक्रियाही एका दिशेच्या नसतात. सुरुवातीला मेणबत्त्या आणि फुले असतात. मग शिक्षण मंडळाच्या बैठकांत शेजारी शेजाऱ्याशी भांडू लागतो. उवाल्डीचे पालक बैठकांना जात राहिले, जाब विचारत राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळांचे ते पोलीस दल स्थगित करावे लागले. मात्र अशा रायफली विकत घेण्याचे वय एकवीस करण्याची त्यांची मागणी टेक्सासच्या विधिमंडळात मान्य झाली नाही. उलट २०२३ मध्ये प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक ठेवण्याचा कायदा आला. फ्लोरिडाने मात्र पार्कलँडनंतर महिन्याच्या आत बंदूक खरेदीचे वय एकवीस केले, आणि त्याच कायद्यात शाळेच्या काही कर्मचाऱ्यांना शस्त्र देण्याचीही सोय करून टाकली!

गुरुजींनी कपाटाबद्दल लिहिले ते इथेही लागू आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्यासह १९७४ ते २००० या काळातील ३७ शालेय हल्ले तपासले. दोनतृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती, आणि ८१ टक्के घटनांत किमान एका व्यक्तीला, बहुधा मित्राला किंवा वर्गसोबत्याला, आधीच कुणकुण होती. मिशिगनमधील ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये चार विद्यार्थी मारले गेले, त्या खटल्यात २०२४ मध्ये हल्लेखोर मुलाच्या आईवडिलांनाही सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगवास झाला. माझी मुले कोणाच्या घरी खेळायला जाणार असतील तर कुत्रा आहे का, हे विचारताना त्याच दमात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हेही मी विचारते. पहिल्यांदा जीभ अडखळते, पण समोरचे लोक राग मानत नाहीत.

जागलीवाला_चंद्रपूर यांचे उत्तर:

माझ्याकडेही पीक संरक्षणाचा परवाना आहे, त्यामुळे आमची बाजूही ऐकावी. हरभऱ्यात एका रात्री कळप शिरला तर सकाळी उरते ते फक्त नांगरल्यासारखे रान, आणि भरपाईचे कागद वनविभागात फिरत राहतात. हौसेखातर कोणी रात्रीच्या थंडीत जागलीला बसत नाही. त्या आजोबांना गुन्हेगार ठरवू नका, पण कोनाड्यातील काडतुसांचे समर्थनही मी करणार नाही.

शेतातून निघतानाच दुनळी बंदूक उघडून रिकामी करावी, घरी ती कुलपाच्या कपाटात ठेवावी, काडतुसे वेगळ्या लोखंडी पेटीत ठेवावीत, दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात नसाव्यात, आणि काडतुसे मोजून वहीत लिहावीत, म्हणजे एखादे कमी झाले तर त्याच दिवशी लक्षात येते. निवडणुकीत हुकूम आला की आम्ही बंदूक ठाण्यात जमा करतोच. शिस्त काही नवी नाही. आणि एक गोष्ट कोणीच काढलेली नाही. डुकरे मारण्यासाठी कणकेत गुंडाळून बांधावर टाकलेले गावठी बॉम्ब आमच्या बंदुकांपेक्षा पोरांना जास्त घातक आहेत. त्याला परवाना नाही, कुलूप नाही, आणि शाळेच्या वाटेवर तो गोळा दिसला तर पोर उचलणारच.

अंगणवाडीताई_मेळघाट यांचे उत्तर:

भिंतीला सरसकट नाही म्हणू नका. रात्री ओट्यावर दारू पिणारे बसतात आणि सकाळी लेकरांच्या पायात काचा जातात, त्यासाठी साधे कुंपण आणि फाटक हवेच. कॅमेऱ्यांचे म्हणाल तर बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानेच ते सक्तीचे केले आहेत. आमच्याकडे वीज गेली की ते आंधळे होतात, हा भाग वेगळा. त्याच आदेशात तक्रारपेटीही आहे, आणि मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती तर २०२२ पासून आहे. भाऊ, एक विचारू का? त्या मुलाजवळ काडतूस आहे, हे गुरुजींना कोणी सांगितले?

कपाशी_यवतमाळ:

ताई, त्याच्याच वर्गातील एका मुलीने बाईंना सांगितले. आता पोरे तिला चुगलखोर म्हणून चिडवतात आणि तिच्या आईलाही विहिरीवर दोन शब्द ऐकावे लागले.

अंगणवाडीताई_मेळघाट:

मग तिचे नाव समितीच्या कागदावर कुठेही येऊ देऊ नका, आणि चिडवणाऱ्या मुलांच्या पालकांना मुख्याध्यापकांनी स्वतः बोलवावे. उद्या दुसऱ्या कोणाला काही दिसले तर सांगायचे की नाही, हे पोरे तिचे काय झाले ते पाहूनच ठरवतील.

कपाशी_यवतमाळ:

सर्वांचे आभार. समितीच्या मतात पहारेकरी आणि दाखला या दोन्हींना विरोध नोंदवत आहे. गावातील परवानेधारकांनी महिन्याभरात कुलपाची पेटी दाखवावी, अशी विनंती पोलीस पाटलांमार्फत करू. बांधावरच्या बॉम्बबद्दल वनविभागाला आणि ठाण्याला स्वतंत्र पत्र देतो. कुंपणासाठी ग्रामपंचायतीकडे अंदाजपत्रक मागितले आहे. तक्रारपेटीची किल्ली मुख्याध्यापकांकडे न ठेवता समितीवरील एका आईकडे द्यावी, असे दोन सदस्यांनी सुचवले; त्यावर सोमवारी चर्चा आहे.