सगळं एकाच फाईलमध्ये? आधी जिल्हाभरच्या शाखा सांभाळून दाखवा

हळदबाजार:
काल इथं कुणीतरी लिहिलं, "पपेटमधला हायरा म्हणजे नुसता पसारा, सगळ्या व्हॅल्यू एका फाईलमध्ये टाका, डोळ्यांसमोर राहतात." लोकांनी वर अंगठेही दिले, मग राहवेना. पपेट म्हणजे एका जागेवरून सगळ्या मशीनांची सेटिंग लावणारं सॉफ्टवेअर, हायरा म्हणजे त्या सेटिंगच्या व्हॅल्यू थराथरांच्या फाईलींत ठेवायची त्याची सोय. आमच्या सांगलीच्या ऑफिसातून जिल्हाभरच्या शाखांची मशीनं पपेटवर चालतात. एकच फाईल होती तेव्हा विट्याचा प्रिंट सर्व्हर बदलायला बसायचं आणि जतचा बदलून उठायचं. आता आधी नोडची, म्हणजे त्या एका मशीनची फाईल, मग गावाची, मग कॉमन. वरून खाली शोधत यायचं, पहिली सापडेल ती घ्यायची. यात पसारा कुठं दिसला?

पोवई नाका:
"पहिली सापडेल ती", इथंच तर मेख आहे. मी साताऱ्यात एकांकडे होतो. कॉमनमध्ये फायरवॉलचे पोर्ट २२ आणि ४४३. एका शाखेला ८४४३ लागत होता, म्हणून तिच्या फाईलमध्ये तेवढाच लिहिला. वाटलं, यादीत जोडला जाईल. कुठला जोडला जातोय! सगळी यादीच बदलली, २२ गेला, एसएसएच बंद, म्हणजे लांबून मशीनमध्ये शिरायची वाटच बंद. रात्री साडेदहाला भर पावसात गाडी काढून कोरेगाव गाठलं. एका फाईलमध्ये हे झालंच नसतं.

हळदबाजार:
लुकअप_ऑप्शन्समध्ये मर्ज: युनिक लिहायला हात दुखतात का? सगळ्या थरांच्या याद्या एकत्र जोडल्या जातात. आणि कोरेगावला गेलास कशाला? मशीनवरचा पपेटचा एजंट दर ३० मिनिटांनी आपणहून मास्टरकडे, म्हणजे मुख्य सर्व्हरकडे जातो, त्याला तुझा २२ लागत नाही. दुरुस्ती चढवायची आणि झोपायचं.

पोवई नाका:
नाही सुचलं तेव्हा. झालं समाधान? आता तू सांग, युनिक लावल्यावर कॉमनमधला एखादा पोर्ट एकाच शाखेपुरता काढायचा कसा? डीप मर्ज लावा, त्यात नॉकआउट प्रीफिक्स, म्हणजे 'हे वगळ' अशी खूण द्या, मग पोर्टाआधी दोन डॅश मारा. साधी वजाबाकी, तिला एवढा सोपस्कार.

मिरज जंक्शन:
बसा भांडत. पपेटऐवजी ॲन्सिबल घ्या, ग्रुपच्या व्हॅल्यू ग्रुप_व्हार्समध्ये, एकेका मशीनच्या होस्ट_व्हार्समध्ये, विषय संपला. बाकी ते "गावाची फाईल" म्हणजे मिरज सांगलीच्या पोटात टाकलीय का? आमच्याकडे एका शहाण्यानं तेच केलंय. सांगली संस्थान १८०१ मध्ये मिरजेतून फुटून निघालं. बाप कोण ते आधी ठरवा, मग हायरार्की मांडा.

हळदबाजार:
विषय काय, चाललाय कुठं! १९९८ पासून महापालिका एकच आहे. सांगली मिरज कुपवाड. पहिलं नाव वाच.

मिरज जंक्शन:
नाव पहिलं, पण गाडी बदलायला मिरजेलाच येता ना? सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय ते मिरजेच्या नावानं.

हळदबाजार:
हळदीला २०१८ मध्येच मिळालं. सांगलीच्या नावानं. चल.

कुपवाडकर:
आम्हाला कोण विचारतंय. पाटीवर नाव शेवटी, वीज जायची असली की नंबर पहिला.

वाचनमात्र:
ॲन्सिबलवाल्यांनी फार बोलू नये. व्हेरिएबलच्या अग्रक्रमाच्या २२ पायऱ्या न बघता म्हणून दाखवा. आणि एकच मशीन समपातळीच्या दोन ग्रुपांत असलं की इंग्रजी अक्षरक्रमात शेवटी येणारा ग्रुप जिंकतो. एम आधी, एस नंतर. म्हणजे तुमच्या ॲन्सिबलच्या हिशेबानंच सांगली मिरजेच्या डोक्यावर.

हळदबाजार:
उद्याच ॲन्सिबल बसवतो.

कुपवाडकर:
के तर त्याच्याही आधी. तिथंही आम्हीच तळाला.

पोवई नाका:
यापेक्षा पपेट लुकअपला एक्सप्लेन लावून बघणं बरं, कुठल्या फाईलमधून काय उचललं ते ओळीनं सांगतं तरी. हायराची बाजू घेतोय असं कुणी समजू नये.

मिरज जंक्शन:
ॲन्सिबल_ग्रुप_प्रायॉरिटी, आकडा मोठा तो ग्रुप जिंकतो, मिरजेला १०. आत्ताच ग्रुप_व्हार्समध्ये टाकली. बोला आता.

वाचनमात्र:
तिथं चालत नाही ती. इन्व्हेंटरीतच, म्हणजे मशीनांच्या यादीतच लिहावी लागते.